तिन्हीसांजेचं विरजण

म्हैस रवंथ करते तेव्हा होणारा आवाज ऐकत मी मोठी झाले. भाईंदरजवळच्या मोरव्यात आमचं घर आणि गोठा यांच्यामध्ये एक कुडाची भिंत होती. भिंतींना कान असतात म्हणतात, आमच्या भिंतीला तोंडही होतं. दिवेलागणीला आमची म्हैस चांदी खाली बसली की तिचा जबडा सुरू व्हायचा. बराच वेळ कचर-कचर, मग सगळं शांत, मग मानेतून नवा गोळा वर आल्याचा एक ओला आवाज, आणि पुन्हा कचर-कचर. आई चुलीपाशी तांदळाच्या भाकऱ्या थापत असायची. मधली शांतता जरा लांबली की तिचे हात परातीत थांबायचे, आणि गोळा वर आला की पुन्हा चालायचे. तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती की मी कुठे ऐकते, मी भाकऱ्या करते. आता त्याच जागी इमारत उभी आहे, गोठा होता तिथे गाड्या लावतात, आणि मला झोप लागत नाही. डॉक्टर म्हणतात वय झालं. मला ते पूर्ण पटत नाही.

मी जन्माची घाबरट. पापड करपला तरी मला वाटायचं आता काहीतरी होणार. घरात माणसं मोजकी होती. बाबा मिठागरावर जायचे आणि घरी आले की बोलणं मिठागरावरच ठेवून आल्यासारखे गप्प बसायचे. दादा भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात होता. आई, मी, आणि चांदी. चांदी हे नाव तिच्या कपाळावरच्या पांढऱ्या टिकलीमुळे पडलं होतं, एरवी ती कोळशापेक्षा काळी होती. बांधावरचं गवत, पेंढा, आणि रोज आमच्या जेवणानंतर घागरभर पेज आणि तांदळाचं धुवण. पेजेचा वास आला की ती दावं ताणून उभी राहायची. आमच्या घरात भात कधी वाया जात नसे, कारण जो उरेल तो पाण्यात कालवून तिच्या पुढ्यात जायचा. अन्न टाकलं तर पाप लागतं आणि म्हशीला घातलं तर पुण्य, असा सोपा हिशेब होता.

दादाचं लग्न झालं ते पेणकडच्या मुलीशी. सुमन तिचं नाव. मांडवात वडे तळले जात होते, मटणाच्या टोपाभोवती आळीतली सगळी कुत्री शिस्तीत बसली होती, आणि काशीबाय धवला गात होती. ही काशीबाय आमच्या समोरच्या घरातली. गावची धवलारीण, म्हणजे आमच्याकडे लग्नाचे विधी जी गाऊन पार पाडते ती बाई. तिच्या गाण्याशिवाय हळद लागत नाही. आवाज घोगरा, स्वभाव त्याहून खरखरीत, आणि गोठ्यात एकच म्हैस, जिच्यावर तिचा पोटच्या लेकीपेक्षा जास्त जीव. गाऊन गाऊन तिचा घसा बसला तेव्हा आईनं तिला आल्याचा चहा दिला, तर म्हणाली साखर कमी पडली.

आमच्या घरात एक रीत होती. नवी सून उंबऱ्यावरचं माप ओलांडण्याआधी गोठ्यात जाते आणि म्हशीला गूळ-भाकरीचा पहिला घास भरवते. वहिनीनं भरवला. हिरव्या चुड्यानं भरलेला हात तिनं पुढे केला आणि चांदीनं तो घास खाल्लाही, पण अर्धा तोंडातून खाली पडला. हसण्यावारी गेलं ते. मला मात्र तो पडलेला घास दिसत राहिला. वहिनीबरोबर रुखवत आलं होतं. झाकणाचा एक मोठा स्टीलचा डबा, त्यावर तिचं नाव मशिननं कोरलेलं, आणि कापडात बांधलेली एक चिनी मातीची बरणी. बरणीत तिच्या आईनं दिलेलं दह्याचं विरजण होतं. माहेरचं दही सासरी लागलं की पोर सासरी लागते, असं तिची आई म्हणायची. हे वहिनीनं मला त्याच संध्याकाळी सांगितलं, कारण घरात तिला दुसऱ्या कुणाशी बोलायचं धाडसच होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून आवाज आला नाही. पाहुण्यांच्या गडबडीत आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग आईचे हात परातीत थांबले आणि थांबलेच राहिले. ती उठून गोठ्यात गेली, मागोमाग मी. चांदी उभी होती, मान खाली, डावी कूस फुगलेली. दात करकरा चावत होती. शेण पातळ आणि त्याला आंबट वास. आईनं कुशीला हात लावला तर आत पाणी डचमळलं. पेज पुढे केली तर तिनं तोंड फिरवलं. चांदीनं पेजेकडे पाठ फिरवली, हे माझ्या जन्मात पहिल्यांदा झालं.

आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, लग्नासाठी शेजारच्या राई गावाहून आली होती आणि अजून मुक्कामाला होती. ओटीवर बसून ती सुपात तांदूळ निवडत होती. ती मोठ्यानं काही बोलली नाही, पण शेजारणीकडे बघून हळूच म्हणाली, "पोरीनं पयला घास भरवला, आनि म्हशीनं तोंड टाकला. आता पायगुन न्हाय तं काय म्हनायचा?"

वहिनी तेव्हा आत पाणी भरत होती. कळशी खाली ठेवल्याचा आवाज आला. तिनं ऐकलं होतं.

ज्यांना पायगुण हा शब्द नुसता शब्द वाटतो त्यांना मी काय सांगणार. खालच्या आळीत एक सून आली आणि पुढच्याच महिन्यात तिचा सासरा पडून त्याचं हाड मोडलं. त्यानंतर त्या घरात दूध नासलं तरी तिच्याकडे बघायचे. शेवटी तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला, आणि जाताना ती आमच्या दारावरून गेली होती, डोक्यावरून पदर इतका ओढून की चेहरा दिसू नये. मी ते पाहिलं होतं. म्हणून चांदी दात करकरत होती तेव्हा माझ्या मनात एकाच वेळी दोन भीती होत्या. म्हैस मरेल, आणि वहिनीला लोक घरातून काढतील. कुठली मोठी होती हे मला ठरवता येत नव्हतं. आईनं ओवा-हिंग पाजलं. शेजारणीनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. बाबांनी एकदा गोठ्यात डोकावून पाहिलं आणि मिठागराकडे निघून गेले. दादानं तर कमालच केली. कारखान्यासमोरच्या औषधाच्या दुकानातून तो जुलाबाच्या गोळ्यांची पाकिटं घेऊन आला. दुकानदार म्हणाला म्हणे, "इन्सान को चलता है तो भैंस को क्यों नहीं चलेगा, बस ज्यादा देना." दादानं खरंच जास्त दिल्या. रात्रीपर्यंत चांदी बसली, पण रवंथाला नाही. नुसती बसली, मान कुशीला लावून.

जनावरांचा सरकारी डॉक्टर दुसऱ्या दुपारी आला. तरुण, मराठवाड्याकडचा, बसमधून उतरून उन्हातून चालत आल्यामुळे घामाघूम. त्यानं आमचं पाणी प्यायला वेळ घालवला नाही. डाव्या कुशीला मूठ दाबून धरली, कान लावला, डोळे मिटले. कितीतरी वेळ तो तसाच होता. मग उठला आणि त्यानं एकच प्रश्न विचारला.

"काय खाल्लं हिनं?"

आई म्हणाली नेहमीचंच, गवत, पेंढा, पेज. डॉक्टरनं मान हलवली. म्हणाला, नेहमीचं खाऊन असं होत नाही, खरं सांगा, त्याशिवाय मला औषध देता येणार नाही. आणि मग दाराआडून, लग्न होऊन आल्यापासून मोठ्या माणसांसमोर एक शब्द न बोललेली वहिनी म्हणाली, "भात. लग्नाचा उरलेला. घमेली भरून."

"कुणी घातला?"

"ते कशाला पायजे? भात म्हंजे भात."

ओटीवर आत्याचा हात सुपात थांबला. बस, एवढंच. पण मला कळलं, आईलाही कळलं. मांडवातला शिल्लक भात आंबून जाईल, पाप लागेल, म्हणून आत्यानंच सकाळी सगळं आवरता आवरता तो चांदीपुढे ओतला होता, गुळाचा पाक उरला होता तोही वरून. आणि चांदी रोजच्या पेजेची सवयीची, तिनं आनंदानं खाल्ला असणार. वहिनीनं ते मागच्या दारातून पाहिलं होतं. पायगुणाचं बोलणं ऐकून कळशी खाली ठेवली तेव्हाही तिला हे माहीत होतं.

डॉक्टरनं आधी खायचा सोडा पाण्यात विरघळवून नळीनं पाजला आणि मग आईला समजावून सांगितलं. अजून मला ते त्याच्याच शब्दांत आठवतं. "हिच्या पोटात एक गाव वसलेलं असतंय, बाई. डोळ्याला दिसत नाहीत असे जीव. गवत-पेंढा म्हशीला पचत नाही, त्यांना पचतंय. ही चावून चावून त्यांना वाढते आणि ते हिला पोसतात. थोड्या पेजेनं त्यांचं काही बिघडत नाही. पण एकदम घमेली भरून भात पडला, की त्यातले आंबवणारे माजतात, सगळं आंबट होतंय आणि बाकीचे मरतात. वर तुम्ही गोळ्या घातल्या. उरलेसुरले गेले." दादा जमिनीकडे बघत होता. डॉक्टर पुढे म्हणाला, सोड्यानं आंबटपणा उतरेल, पण गाव ओस पडलंय त्याचं काय. तेच गवत खाणाऱ्या धडधाकट म्हशीच्या पोटातलं पाणी काढून गरम-गरम हिच्या पोटात घालावं लागेल, आजच. दुधाला विरजण लावतात तसं.

हल्ली माझी नात मला मायक्रोबायोम म्हणजे काय ते शिकवते. गेल्या वर्षी दातासाठी घेतलेल्या गोळ्यांनी माझं पोट बिघडलं, तेव्हा डॉक्टरांनी चांगल्या जिवाणूंची पुडी लिहून दिली आणि हे फार नवं संशोधन आहे असं सांगितलं. मी हो म्हटलं. मोठ्या माणसानं एवढ्या उत्साहानं सांगितलं की हो म्हणावं.

तशी धडधाकट म्हैस जवळपास एकच होती, काशीबायची. तीही आमच्याच बांधावर चरायची. पण ती चरून परत आली तेव्हा सूर्य बुडाला होता, आणि आई मागायला गेली तशी काशीबाय दारातच आडवी आली. दूध माग, तांदूळ माग, म्हणाली, आत्ता देते, पण तिन्हीसांजेला विरजण घराबाहेर जात नाही, हे तुला मी सांगायला हवं का? आणि हे तर जित्या म्हशीच्या पोटातलं विरजण. ते दिलं की दूधही त्याच्याबरोबर गेलं. दादा गेला, त्याला तर तिनं उभंच केलं नाही. डॉक्टर घड्याळाकडे बघत होता. शेवटची बस चुकली तरी चालेल, म्हणाला, पण अजून उशीर झाला तर ही म्हैस वाचायची नाही.

मी त्या वेळी गोठ्याच्या खांबाला धरून रडत होते, आणि मला आठवतंय, मी देवाला म्हणत होते की म्हैस ने पण वहिनीला ठेव, आणि लगेच, नको नको, म्हैस पण ठेव. तेवढ्यात वहिनी आतून आली. एका हातात तो नाव कोरलेला डबा, दुसऱ्या हातात माहेरची बरणी. हळद अजून अंगावर होती. नव्या सुनेनं अशा वेळी एकटीनं उंबरा ओलांडायचा नसतो. आई काहीतरी म्हणणार होती, पण म्हणाली नाही, मलाच ढकललं, जा तिच्याबरोबर.

काशीबायच्या अंगणात वहिनी खाली बसली आणि बरणी पुढे ठेवली. "मावशी, ह्ये माज्या आयचा विरजन हाय, पेनवरना आनलंय. तुमी मला देव नका. बदली करा. तुमच्या घरातला जेवढा भायेर जाईल तेवढा आत येतंय. मंग दिलं असं कसा होईल?"

काशीबायनं बरणीचं फडकं सोडलं, वास घेतला. तिन्हीसांजेला द्यायचं नाही, पण बदलायचं नाही असं कुठल्या रीतीत नव्हतं. ती ते मनात उलटसुलट करून बघत होती हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मग तिनं विचारलं, "तुमचे घरात ह्यातला लावलास काय?"

"न्हाय अजून."

"मंग तुला काय उरलं?"

"म्हस उरल," वहिनी म्हणाली.

काशीबाय बरणी उचलून आत ठेवून आली आणि पदर खोचत म्हणाली, "तुजा धवला मी गायलाय. तुजा वाकडा झाला तं माजा गाना खोटा. बोलव त्या डाकटरला."

तिनं स्वतः म्हशीचं तोंड धरलं. शिव्या चालूच होत्या, पण त्या डॉक्टरला होत्या. त्यानं नळी घशातून आत सोडली आणि तिचं दुसरं टोक खाली डब्यात धरलं. हिरवं, वाफाळतं पाणी डब्यात उतरू लागलं. त्याला ओल्या गवताचा आणि ताकाचा वास येत होता. वहिनीनं साठवणीचे लाडू ठेवायचे म्हणून तिच्या आईनं जो डबा दिला होता, तो म्हशीच्या पोटातल्या पाण्यानं काठोकाठ भरला. गार होऊ देऊ नका, डॉक्टर म्हणाला. आम्ही धावत रस्ता ओलांडला, तर आमच्या दारात आत्या उभी होती, हातात स्वतःची गोधडी. काही न बोलता तिनं डबा गोधडीत गुंडाळला, छातीशी धरला आणि आमच्या पुढे गोठ्यात गेली. म्हशीच्या अंगाजवळ जायला नाक मुरडणारी ती बाई नळीत पाणी ओतताना हातावर सांडलं तरी हलली नाही.

सकाळी चांदी तशीच होती. डॉक्टर म्हणाला होता वेळ लागेल, पण किती ते नव्हता म्हणाला. त्या दिवशी सुकटीची चटणी आणि भाकरी होती, ताटात तशीच राहिली. वहिनी गोठ्याच्या दाराशी बसून होती. मी तिच्या बाजूला, आणि तिच्या बांगड्या वाजल्या की मला त्यांचा राग यायचा, कारण त्यांच्या आवाजात दुसरा आवाज ऐकू येणार नाही असं वाटायचं. तिनं ते ओळखलं असावं. तिनं चुडा मनगटावरून वर सरकवला आणि दंडाशी घट्ट धरून ठेवला. दुपारी चांदीनं पेंढ्याची एक काडी ओढली आणि टाकून दिली. आईनं ती काडी उचलून पाहिली, जणू तिच्यावर काही लिहिलंय.

दिवेलागणीला ती बसली. आई चुलीशी होती. काही नाही, काही नाही, आणि मग मानेतून गोळा वर आल्याचा तो ओला आवाज. आईनं हातातली भाकरी तव्यावर टाकलीच नाही. तोंडावर पदर धरून ती रडली, आणि भिंतीपलीकडे कचर-कचर सुरू झालं. एवढ्या वर्षांत मी देवळात पुष्कळ घंटा ऐकल्या, पण ते ऐकून जसं अंग सैल पडलं तसं पुन्हा कधी पडलं नाही.

दुसऱ्या सकाळी आत्या ओटीवर उभी राहून आळीला ऐकू जाईल असं सांगत होती, की बघा, सुनेचा पायगुण, म्हस मरनातून उठली. तिच्या परीनं ती माफी मागत होती, आणि आम्हाला सगळ्यांना ते गोड वाटलं. वहिनीला वाटलं नाही. ती शेणाचे हात घेऊन गोठ्यातून आली आणि हळू आवाजातच म्हणाली, "आत्याबाय, मेली असती तरी माजाच पायगुन, वाचली तरी माजाच. म्हशीला कोनी इचारलं काय, काय खाल्लंस म्हनून?"

आत्या जेवून राईला गेली. पण त्यानंतर मरेपर्यंत तिच्या तोंडून तो शब्द मी ऐकला नाही. वहिनीच्या माहेरचं दही काशीबायच्या घरात लागत राहिलं, आणि मग एका भर दुपारी काशीबाय स्वतः वाटीतून ते परत घेऊन आली, उन्हं डोक्यावर असताना, रीत मोडायला नको म्हणून.

परवा वहिनीच्या धाकट्या मुलाचं लग्न झालं. आता आम्ही सगळे त्याच जागेवरच्या इमारतीत, वरच्या-खालच्या मजल्यांवर राहतो. नवी मुलगी नालासोपाऱ्याची, मूळ रत्नागिरीकडची, बँकेत नोकरी करते. संध्याकाळची वेळ. ती लिफ्टमधून बाहेर आली, उंबऱ्यावर माप ठेवलेलं, आरतीचं ताट घेऊन बायका उभ्या, आणि तिनं पाऊल उचललं तेवढ्यात अख्ख्या इमारतीची वीज गेली. काळोखात कुणीतरी बायकांतून म्हणालं, अगं बाई, पायगुण बघा. हसतच म्हणालं. पण मला खालच्या आळीतली, पदर ओढून गेलेली ती सून आठवली. मुलीचा चेहरा दिसत नव्हता. बांगड्या मात्र वाजत होत्या.

वहिनीचे गुडघे गेलेत, तिला चालवत नाही. तरी ती भिंतीला धरून दारापर्यंत गेली, मापाच्या अलीकडून हात पुढे करून तिनं त्या मुलीचा हात धरला आणि विचारलं, "सकालपासून काय खाल्लंस गं?"

मुलगी आधी काही बोलली नाही. मग म्हणाली, "काहीच नाही, आई," आणि रडायला लागली.

वहिनीनं मला हाक मारली. मोबाइलच्या उजेडात मी आतून दहीभाताची वाटी आणली. दारातच, लिफ्टसमोर, कुणाच्या तरी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर शालूसकट बसवून वहिनीनं तिला घास भरवला. बायका मुहूर्ताचं काहीतरी कुजबुजल्या.

"पाय मागनं टाक," वहिनी तिला म्हणाली. "आधी खा."

वीज आली तेव्हा माप अजून उंबऱ्यावर तसंच होतं, आणि मुलगी वाटी बोटांनी निपटून खात होती.